मदत हवी आहे: रविवारी एका दिवसात शंख-शिंपल्यांचे दगड कुठे मिळतील?

तंबाखूनगर
जुन्या समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म गोळा करायचे आहेत. येत्या रविवारी सकाळी निघून रात्री परत. गाडी आहे, हातोडा आहे. जागा सांगा, नकाशावरची खूण दिलीत तर फारच उत्तम. शोधून बघितलं तर सगळीकडे कच्छ नाहीतर परदेश. जवळचं हवं. अर्जंट.

अश्मक
जवळचं म्हणजे कुठून जवळचं? किती जण, मुलं आहेत का? हातोडा कसला? गोळा करून पुढे काय करायचं आहे? एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

करलकिनारा
सरळ वेंगुर्ल्याची वाट धरा. कोकण किनाऱ्यावर करल नावाचा दगड असतो, वाळू आणि शिंपले चुन्याने एकमेकांना चिकटून झालेला. हाताने उचलला तरी शिंपले दिसतात. बेळगावातून आंबोलीमार्गे सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर. ओहोटीची वेळ आधी बघा, भरतीत काही दिसत नाही.

अश्मक
करल काही हजार वर्षांचा, फार तर. त्यातल्या शिंपल्यांचा रंगसुद्धा कधी कधी टिकलेला असतो. त्यांनी "जुन्या समुद्रातले" विचारलंय. करलला जीवाश्म म्हणणं म्हणजे कालच्या भाकरीला पुरातन म्हणणं.

करलकिनारा
शिंपला दगडात बसलाय, दगड फोडला तर बाहेर येतो. लहान मुलांना अजून काय हवं? सगळ्यांनाच पीएचडी करायची नसते.

तंबाखूनगर
भांडू नका हो. बेळगावातून नाही, निपाणीहून निघणार. मी, बायको, पाचवी ते आठवीतली चार मुलं. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचं आहे. तक्त्यावर आधीच लिहून झालंय, "प्राचीन समुद्रातील अपृष्ठवंशी प्राणी". हातोडा घरातलाच, खिळे ठोकायचा.

अश्मक
खिळ्यांचा हातोडा नेऊ नका. कडक दगडावर त्याच्या कडेची ढलपी उडते आणि डोळ्यात जाते. एक किलोच्या आसपासची सुतकी आणि दोन छिन्न्या घ्या, एक सपाट, एक टोकाची. सहा चष्मे, साधे वेल्डिंगच्या दुकानातले प्लास्टिकचे चालतील. फोडणाऱ्यापासून बाकीच्यांनी दहा पावलं लांब थांबायचं.

आता मूळ अडचण. निपाणीपासून बेळगावपर्यंत बहुतेक जमीन दख्खनच्या काळ्या पत्थराची, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. लाव्ह्यात शिंपला मिळत नाही. त्याच्या खाली गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे कलादगी नावाच्या खडकमालिकेचा वालुकाश्म, डोलोमाइट (चुनखडीचाच मॅग्नेशियमवाला भाऊ), चुनखडी. ते समुद्रातच साचलेलं, पण शंभर कोटी वर्षांहून जुनं. कवचवाले प्राणी आले तेच साधारण 54 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे एक दगड समुद्राचा आहे पण प्राण्यांच्या आधीचा, आणि दुसरा प्राण्यांच्या काळातला आहे पण समुद्राचा नाही. तुमच्या तक्त्याचा घोळ इथे आहे.

गोकाककर
घोळ असा काही नाही. गोकाकला या. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला असतो, त्याला इंटरट्रॅपियन म्हणतात. गोकाक तालुक्यातल्या ममदापूर भागात असे थर नोंदलेले आहेत. गाळाचा चर्ट झालेला, म्हणजे गारगोटीसारखा, राखाडी-पांढरा, आणि त्यात गोगलगायींचे शंख. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा, गोकाक असं साठ-सत्तर किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर उन्हाच्या आधी काम होतं.

तंबाखूनगर
हे समुद्रातले आहेत ना?

गोकाककर
नाही. गोड्या पाण्याचे. पण 6.6 कोटी वर्षं जुने, डायनासोरांच्या शेवटाच्या सुमाराचे.

डोंगरदरी
इंटरट्रॅपियन म्हणजे गोडं पाणी असा सरसकट नियम नाही. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या थरांत खाऱ्या आणि मचूळ पाण्याचे शंख आहेत.

गोकाककर
राजमहेंद्री रविवारी रात्रीपर्यंत परत येण्यासारखी आहे का? गोकाकचे गोड्या पाण्याचेच.

सोनाली_खानापूर
गोकाकजवळ गेंडाही सापडला होता. रॉबर्ट ब्रूस फुट या भूवैज्ञानिकाने 1874 मध्ये त्याचं वर्णन छापलं, नाव दिलं ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस. मुलांना हे नक्की सांगा.

अश्मक
गेंड्याला पाठीचा कणा असतो, ताई. तक्ता अपृष्ठवंशींचा आहे.

तंबाखूनगर
लेक्चर नको, शंख ओळखायचा कसा ते सांगा. मुलांना दगड म्हणजे दगड.

गोकाककर
आधी थर शोधा, शंख नंतर. ओढ्याच्या कापलेल्या काठावर काळा पत्थर, मग विटेसारखा लाल थर दिसतो. तो लाव्ह्याच्या पृष्ठभागाची माती भाजून झालेला. त्याच्या आसपास हात-दोन हात जाडीचा फिक्या रंगाचा पट्टा दिसला तर तिथे थांबा. प्रत्येक लाल थराला शंखांचा पट्टा लागून नसतो, उलट बहुतेकांना नसतो. म्हणून ओढ्याच्या तळातले आणि बांधावर रचलेले सुटे दगड आधी बघा. पांढरट, कडक, कडा काचेसारख्या धारदार असतील तर उलटेपालटे करून बघा. चर्ट झिजतो तेव्हा शंख बाहेर उभारून येतात, नाहीतर शंख विरघळून त्याच्या जागी पोकळ साचा उरतो. दोन्ही ठेवण्यासारखे.

बहुतेक वेळा मिळतो तो फायसा नावाच्या गोगलगायीचा शंख. लांबट, पातळ, शेवटचं वेटोळं मोठं. याची खूण अशी की तोंड डावीकडे उघडतं. दुसरा व्हिविपॅरससारखा, गोल गरगरीत, त्याचं तोंड उजवीकडे.

फसवणारे दोन. काळ्या पत्थरातले पांढरे गोल ठिपके म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, आत झिओलाइट किंवा कॅल्साइट ही खनिजं भरलेली. फोडलं की आत वेटोळं नसतं, सुयांसारखे नाहीतर चौकोनी स्फटिक असतात. दुसरं, फरशीवरची नेच्यासारखी काळी नक्षी. ती मँगनीजची, झाडाची नव्हे.

करलकिनारा
म्हणजे उन्हात दिवसभर फिरून दोन गोगलगायी. वेंगुर्ल्याला सोलकढी तरी मिळते.

शहाबादी
फरशीवरून आठवलं. मोठ्या शोरूमच्या गुळगुळीत फरशीत गोल गोल वेटोळी दिसतात, ती खरी असतात का? आणि शाळिग्राम म्हणजे पण शंखच ना?

डोंगरदरी
फरशीतली बऱ्याचदा खरी असतात, बहुधा आयात चुनखडीतली. आपल्याकडे जैसलमेरचा हबूरचा पिवळा दगड जीवाश्मांनी भरलेला असतो. शाळिग्राम म्हणजे गंडकीतले अमोनाइट, शंख नव्हे, माकुळीचे दूरचे नातेवाईक. आत भिंती घालून खण केलेले असतात. शंखाच्या आत असे खण नसतात, पोकळी सलग जाते. अर्धा कापला की फरक लगेच दिसतो, पण देवघरातला कापू नका.

अश्मक
आता तक्त्याचं. "समुद्र" हा शब्द टिकवायचाच असेल तर गोकाकवरून यादवाडमार्गे लोकापूरला पुढे जा, पन्नासेक किलोमीटर. त्या पट्ट्यात कलादगीच्या चुनखडी-डोलोमाइटमध्ये स्ट्रोमॅटोलाइट आहेत. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या साईवर साय चढून झालेले थर. वरून कापलेल्या कोबीसारखे, बाजूने उलट्या वाट्या एकावर एक ठेवल्यासारखे. कोरडे दिसत नाहीत. बाटलीभर पाणी ओता, रेषा उठून येतात. फोडू नका, बाजूला नाणं ठेवून फोटो घ्या. आणि खाणीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, विशेषतः सुरुंग लावतात तिथे.

गोकाककर
स्ट्रोमॅटोलाइट प्राणीच नाहीत. तक्ता तिथेही चुकतोच की.

अश्मक
बरोबर. पण समुद्र तरी खरा राहतो. तक्त्याचे दोन भाग करा: "समुद्रातले सूक्ष्मजीव, लोकापूर" आणि "तळ्यातले अपृष्ठवंशी, गोकाक". खरे समुद्री शंख-शिंपले हवेतच तर तमिळनाडूतलं अरियलूर. तिथल्या कराईच्या मातीत बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइट (हेही माकुळीचे नातेवाईक), गरुडमंगलमला शिंपल्यांनी खच्चून भरलेली चुनखडी, अमोनाइटही. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गतज्ज्ञाने 1846 मध्येच त्या भागातल्या जीवाश्मांवर लिहिलं होतं. पण निपाणीहून तीन दिवस धरा, आणि कराईच्या मातीत चमकतं ते शिंपलं नसतं, जिप्समच्या शिरा असतात.

तंबाखूनगर
तीन दिवस नाहीत. गोकाक ठरलं, वेळ उरला तर लोकापूर. आणून धुवायचे कसे? ॲसिड आहे घरात, संडासाचं.

अश्मक
अजिबात नको, मुलांसमोर तर मुळीच नको. चर्टला ॲसिडने काही होत नाही, पण एखादा शंख चुन्याचाच राहिला असेल तर फेसाबरोबर निघून जाईल. साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. भेगांतली माती बांबूच्या काडीने. ओळखीसाठी ॲसिड हवंच तर व्हिनेगर पुरे. सुईने जरा खरवडून त्यावर थेंब टाकायचा: चुनखडी बुडबुडे काढते, डोलोमाइटची आधी पूड करावी लागते, चर्ट गप्प बसतो.

शहाबादी
वर कॉपल वार्निश मारा, चकाकतं. फेविकॉलचं पाणीही चालतं.

डोंगरदरी
दोन्ही नको. वार्निश पिवळं पडतं आणि बारीक रेषा बुजवतं. फेविकॉल ओल धरतो, सुकताना आकसतो, ठिसूळ कवच असेल तर त्याला घेऊन सोलपटतो. भुसभुशीत नमुन्यांना संग्रहालयांत पॅरालॉइड बी-72 नावाची पारदर्शक राळ ॲसिटोनमध्ये पातळ करून लावतात. गोकाकचा चर्ट दगडापेक्षा घट्ट, त्याला काहीच लावायचं नाही.

आणि चिठ्ठ्या विसरू नका. प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, आत चिठ्ठी: क्रमांक, गाव, ओढ्याचा की बांधाचा, सुटा की थरातला, तारीख, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश. घरी आल्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर तोच क्रमांक काळ्या शाईने. चिठ्ठी नसलेला शंख प्रदर्शनात नुसता सुंदर दगड.

सोनाली_खानापूर
बेळगाव म्हणायचं की बेळगावी? वर सगळे बेळगावच म्हणतायत.

अश्मक
दगडाला विचारा. पुढे.

गोकाककर
निव्वळ मराठीत विचारलंत तर शेतात काही कळणार नाही. शेतमालकाला "बसवनहुळद कल्लु" म्हणा, म्हणजे गोगलगायीचा दगड. कन्नडमध्ये गोगलगाय म्हणजे बसवनहुळ, बसवाचा किडा. आधी परवानगी, मग सुतकी. ऊस उभा असेल तिथे आत शिरू नका. बांध फोडलात तर रचून परत ठेवा. चार मुलांना मिळून मुठीएवढे दहा नमुने पुरेत, एक गोणी भरून आणाल तर निपाणीपर्यंत गाडीचा पाटा तुटेल.

तंबाखूनगर
धन्यवाद सगळ्यांना. सुतकी आणि चष्मे आणले. तक्ता बदलायला लावला, मुलगी रडली. एक राहिलं: फायसाचं तोंड डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, शंखाच्या की आमच्या?

गोकाककर
तुमच्या. टोक आभाळाकडे, तोंड तुमच्याकडे.