दुकानाचे दीड लाख फोटो: ऑफिसातला डबा की क्लाउड?

गुजरीकर
कोल्हापूरच्या गुजरीत दागिन्यांचं दुकान, हुपरीला चांदीचा कारखाना. बारा वर्षांत काढलेले फोटो परवा मोजले: १ लाख ४० हजार, सुमारे ९०० जीबी. आहेत कुठं? थोडे काउंटरवरच्या पीसीत, थोडे दोन पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये, आणि उरलेले सेल्सच्या पोरांच्या व्हॉट्सॲपमध्ये.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एक काकू मोबाइल पुढं करून म्हणाल्या, "हीच ठुशी पाहिजे, दोन वर्षांमागं तुम्हीच पाठवलेली." फोटो आमचाच होता, खालची मरून मखमल बघूनच कळलं. पण डिझाइन नंबर सापडायला पावणेदोन तास गेले. तोवर काकू महाद्वार रोडवर दुसरीकडं खरेदी करून मोकळ्या.

माझा कल असा: चार डिस्कचा नॅस, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा फायली साठवायचा डबा, घेऊन दुकानात ठेवायचा आणि त्यावर इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर टाकायचं. फुकट आहे, शब्द टाकला की चित्र शोधून देतं. धाकटा भाऊ म्हणतो, कशाला व्याप, गूगलवर टाक. विरोधात मत असेल तर बिनधास्त लिहा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
भावा, डबा घेशील, पण ठेवणार कुठं? राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट म्हणजे पुराचा धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. तरी २०१९ च्या पुरात आमच्या ऑफिसातला सर्व्हर टेबलाखालीच राहिला. खुर्च्या वर चढवल्या, फायली चढवल्या, देवाचा फोटो चढवला. डबा विसरलो. चिखल खरवडून डिस्क पुण्याला पाठवल्या, रिकव्हरीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून परत मागवल्या.

मूळ प्रत गावाबाहेरच्या सर्व्हरवरच पाहिजे. तुझा भाऊ बरोबर बोलतोय. फक्त एक बघा: पोरांच्या आपापल्या 'माय ड्राइव्ह'मध्ये टाकू नका. तिथं फाइलची मालकी त्या खात्याची असते. माणूस सोडून गेला, खातं काढून टाकलं, की फोटो पण गेले. शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी कंपनीची राहते.

शिरोली_फौंड्री
पूर आला म्हणून घरात भांडी ठेवायची नाहीत असं कुठं असतंय? डबा वरच्या मजल्यावर ठेवा की.

हिशोब करा. ९०० जीबी ५० एमबीपीएसच्या अपलोडनं चढवायला सलग ४० तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगानं चालली तर. आणि रोजचं काय? आमच्याकडं प्रत्येक रिजेक्ट कास्टिंगचे फोटो निघतात, ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लुजन असल्या ओतकामातल्या दोषांचे. क्वालिटीच्या माणसाला एकदम तीनशे फोटो डोळ्याखालून घालायचे असतात. ऑफिसातल्या गिगाबिट लाइनवर ते झटक्यात उघडतात. क्लाउडवर नुसतं चाक फिरत बसतं.

पण गुजरीकर, तुम्ही एक चूक करणार असं वाटतंय. चार डिस्कचा डबा म्हणजे बॅकअप नव्हे. एखादी डिस्क मेली तर रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी मांडणी, वाचवेल. पोरानं चुकून फोल्डर उडवलं तर ते चारही डिस्कवरनं इमानदारीत उडेल. दुसरी प्रत वेगळ्या जागी पाहिजेच, तुम्हाला हुपरी आहे. आणि घरून बघायची हौस म्हणून डबा थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं तसे उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे शोधून कुलूप घातलं आणि बिटकॉइन मागितले. बाहेरून यायचं तर व्हीपीएननं, म्हणजे खाजगी सुरक्षित वाटेनं, या.

ताराराणी
दोघं डबा कुठं ठेवायचा यावर भांडताय. काकूंची ठुशी तुमच्या दोघांच्याही डब्यात सापडली नसती.

मी एका पेढीचं कॅटलॉग बघते, सात वर्षं झाली. हे 'शब्द टाकला की सापडतं' आम्ही करून पाहिलं. त्याच्या मागं क्लिप जातीचं मॉडेल असतं. इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर यांच्या जोड्यांवर ते शिकलेलं. 'लाल साडीतली बाई' म्हणा, फटकन देईल. 'ठुशी' म्हटल्यावर त्यानं गळ्यालगतचं जे दिसेल ते समोर टाकलं: ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, वर एक मोत्याची तन्मणी. त्याच्या लेखी सगळा एकच दागिना. आणि आपल्याला ठुशीतली पण नेमकी कुठली ते हवं असतं, मण्यांचा आकार, मधला खडा, मागचा गोंडा.

नंबर पाहिजे दादा. फोटोच्या नावात आणि फाइलच्या आत आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोची माहिती लिहायच्या, रकान्यात पण. म्हणजे उद्या इमिच सोडून दुसरं काही घेतलंत तरी नंबर फोटोबरोबर जाईल.

कोडवाला_राजारामपुरी
ताई, १ लाख ४० हजार फोटोंना नंबर घालणार कोण? मी तीन कंपन्यांत हे बघितलंय. पहिले पंधरा दिवस उत्साह, मग टॅगच्या रकान्यात 'नवीन', 'नवीन २', 'बघू'. माणसाच्या शिस्तीवर उभी असलेली सिस्टिम दिवाळीच्या गर्दीत झोपते.

इमिचमध्ये मॉडेल बदलता येतं, मराठी कळणारी बहुभाषी मॉडेलं पण आहेत. ठुशी आणि चिंचपेटीत ती गोंधळतील, मान्य. पण काकूंनी शब्द कुठं आणला होता? त्यांनी फोटो आणला होता. फोटोवरून फोटो शोधा. डिजीकॅम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कित्येक वर्षं आहे आणि तेही फुकट आहे. मात्र ते एका माणसानं एका पीसीवर वापरायचं, सगळ्या स्टाफनं एकदम बसायचं नव्हे.

पेढीवाला_इचल
एवढं कशाला? १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्कला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, आहेच. तोच नंबर फोटोला द्या.

ताराराणी
अहो, एचयूआयडी त्या एका नगाचा. नग विकला की नंबर गिऱ्हाइकाच्या घरी. त्याच डिझाइनच्या पुढच्या ठुशीला वेगळा. आपल्याला शोधायचं असतं डिझाइन.

कोडवाला, शिस्तीचं बोललात ते खरं आहे, म्हणून आम्ही टायपिंगच काढून टाकलं. ट्रेमध्ये दागिना ठेवला की शेजारी डिझाइन नंबरची छापील चिठ्ठी. पहिला फोटो चिठ्ठीसकट, पुढचे तिच्याशिवाय. कॉम्प्युटर चिठ्ठी वाचतो आणि पुढची चिठ्ठी येईपर्यंतच्या सगळ्या फोटोंना तोच नंबर लावतो. आकडे इंग्रजीच ठेवा, मोठे आणि काळे. चिठ्ठीचा कागद चकचकीत नको. चांदीची चमक त्यावर पडली की ८ चा ३ वाचतो, आमचे दोन दिवस त्यात गेले.

आणि गिऱ्हाइकाला पाठवायच्या फोटोवर खाली कोपऱ्यात नंबर छापून टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आतली सगळी माहिती गळून पडते. फाइलचं नावही बदलतं. चित्रावर छापलेलं तेवढं राहतं. काकूंच्या मोबाइलमध्ये नंबर दोन वर्षं बसून राहिला असता.

कोडवाला_राजारामपुरी
कोपरा कापून स्टेटसला ठेवणाऱ्या काकूंचं काय?

ताराराणी
त्यांच्यासाठी तुमचं मॉडेल आहे की. मी ते नको म्हटलेलं नाही, आधी नंबर म्हणतेय.

गुजरीकर
सगळं वाचलं. काल २०० फोटो चिठ्ठी लावून काढले, कॉम्प्युटरनं ११ चुकीचे वाचले. चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती, आता ताईंचा मुद्दा कळला.

ठरवलंय असं: नॅस दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, इमिच शोधायला, दुसरी प्रत हुपरीत. गूगलवर फक्त चालू डिझाइनं, म्हणजे भाऊ पण गप्प. जुन्या फोटोंना आत्ता हात लावणार नाही. मागणी येईल तसा त्या त्या डिझाइनला नंबर. एक भानगड राहिलीय, २०१५ च्या आधीच्या यादीतली नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. आता उघडलं की 'बोरमाळ'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
यादी युनिकोडात, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीत, बदलून घे, कन्व्हर्टर मिळतात. पण हुपरीत डबा नेमका कुठं ठेवणार ते लिहिलं नाहीस.

गुजरीकर
पॉलिशच्या खोलीत फळी रिकामी आहे.

ताराराणी
पॉलिशच्या खोलीत? त्या धुळीत पंखा महिनाभर टिकायचा नाही. दिवाणजींच्या खोलीत ठेवा.