नळ बदलण्याआधी वायसर बघा

नळ गळतोय तर अख्खा नळच बदला, असं कोणीतरी सुचवतंच. थांबा हो! दोन-तीन फेरे फिरवून बंद होणारा जुना नळ असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी वायसर झिजलेला असतो. अर्ध्या इंची नळाचा वायसर हार्डवेअरच्या दुकानात किरकोळीत मिळतो. पाव फेरीत बंद होणाऱ्या नळात मात्र सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे स्पिंडलच, म्हणजे मुठीखालचा फिरणारा आतला भाग, बदलावं लागतं. जुनं सोबत न्या, नाहीतर दोन खेपा ठरलेल्या.

ऐरोलीच्या घरी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा बाथरूमचा मेन कॉक बंद करायलाच विसरलो. पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर! बायको बादली घेऊन धावली. आई शांतपणे म्हणाली, "बरं झालं, टाइल्स धुवायच्याच होत्या."

नळ काढून परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप (गळती रोखणारी पातळ पट्टी) लावायची असेल, तर आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली की नळ आवळताना सुटून येते. आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाका. माझा एक स्क्रू गेलाय तिथून, कायमचा.