भंडारदरा तीन दिवस, आई आणि मुलांसोबत, निवांत प्लॅन हवाय

सांजवारा:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आमच्या गाडीने भंडारदऱ्याला जायचंय, तीन दिवस आहेत. आम्ही दोघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची, आणि माझी आई, वय ७१, गुडघे दुखतात त्यामुळे चढउतार नको. मागच्या ट्रिपला आम्ही दिवसाला सहा सहा स्पॉट केले आणि शेवटच्या दिवशी आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, म्हणाली तुम्ही बघून या मी बसते इथेच. ते फार लागलं मनाला. यावेळी तिला पण मजा यायला हवी. रस्ता कुठला घेऊ आणि काय काय बघू?

घाटवाट:
एकच सांगतो, मुक्काम बदलू नका. शेंडीत राहा, धरणाजवळचंच गाव आहे, तिन्ही दिवस तिथेच.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असे या. आळेफाट्याहून कोतूळमार्गे राजूरला जाणारा आतला रस्ता पण आहे पण आई सोबत आहेत तर मी संगमनेरवरूनच जाईन. राजूरला थांबून पेढे घ्या, नाहीतर मुलं परत येताना तुम्हाला सोडणार नाहीत.

मधला अख्खा दिवस फक्त तलावाला द्या. आर्थर लेक म्हणजे भंडारदरा धरणाचा जलाशय, त्याभोवती रस्ता फिरतो, शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे आणि परत शेंडी, साधारण ४०-४५ किमी. लोक दोन तासात उरकतात, तुम्ही सकाळी निघा आणि संध्याकाळी या. ऑक्टोबरात भात पिवळा पडायला लागलेला असतो, मागे रतनगड, त्याचं नेढं खालूनही दिसतं, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे डोंगरातलं भोक शोधत बसतील. साम्रदला सांदण दरी आहे पण आत उतरू नका, दगडांवरून जावं लागतं, ते आईंसाठी नाही.

माहेरवाशीण_अकोले:
माझं माहेर याच भागातलं म्हणून लिहिते. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका ताई, गाडी अगदी जवळ जाते. शिलाहारांच्या काळातलं आहे, काळ्या दगडातलं. आईंना गाभाऱ्यात उतरायला जमेल असं नाही, नाही जमलं तर बाहेरूनच हात जोडू द्या, पण पुष्करणीच्या काठाशी नक्की बसवा. माझी आजी तिथे बसली की तासभर उठायची नाही, पाण्यात कोनाड्यांची सावली बघत बसायची आणि आम्हाला म्हणायची तुम्ही हुंदडा, मी इथे बरी आहे. जेवण गावातच आधी सांगून ठेवा, तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, नवा इंद्रायणी निघाला असेल तर भात. सांगितल्यावर चूल पेटते म्हणून वेळ लागतो, घाई करू नका.

पाटाचंपाणी:
धरणाबद्दल थोडं. विल्सन डॅम, प्रवरेवर, १९२६ साली पूर्ण झालेला, दगडी बांधकाम. अंब्रेला फॉल नेहमी दिसतोच असं नाही, धरणातून पाणी सोडलं तरच, तेव्हा मुलांना आधी कबूल करून ठेवू नका. रंधा धबधब्याला कठड्यापाशीच उभे राहा, मुलांचा हात धरून, तिथले दगड शेवाळी असतात.

सांजवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार! आईला हे वाचून दाखवलं तर तिने लगेच विचारलं पुष्करणीपाशी सावली असते का? आणि ऊन किती वाजता चढतं?

माहेरवाशीण_अकोले:
दुपारी नको. नऊच्या आत पोचा, तेव्हा गारवा असतो आणि गर्दी पण नसते. बसायला एखादी घडी घालून चादर न्या, सकाळी दगड गार असतो, गुडघ्यांना बाधेल.

घाटवाट:
मग फेरी मुतखेलच्या बाजूनेच सुरू करा, रतनवाडी आधी लागेल. घाटघरचा कोकणकडा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तिथे वारा फार असतो, आईंना स्वेटर आणि कानटोपी हाताशी ठेवा, डिकीत नको.