नवीन सिस्टिम आणायचीय, पण आतलेच लोक अडवतायत

बडोद्यात मकरपुऱ्याला मोठी कंपनी आहे आमची. मेंटेनन्सच्या नोंदी टॅबवर घ्यायचा प्लॅन केला, एमडी खूश, पण स्टोअर अन् अकाउंट्सवाले फाईल दाबून बसलेत. काय करू?

— अहो, त्यांना विचारलंत कधी, सगळं ठरल्यावरच ना? मग सही कोण करणार! आमच्याकडे स्टोअरच्या काकांनी पहिल्याच दिवशी दाखवलं, ग्रीसच्या बोटांनी टॅब चालतच नाही, शेवटी बटणवालं मशीन घेतलं.

— कोडॅकचं बघा, १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसननं डिजिटल कॅमेरा तिथंच बनवला, पण कमाई सगळी फिल्मवर, वरच्यांना तो कशाला हवा असणार. आधी कोणाचं काय जातंय ते शोधा.

— अकाउंट्सला मार्चमध्ये छेडू नका बुवा. सेव-उसळ खायला न्या, तिथं खरं बोलतात.

— उद्याच स्टोअरमध्ये जातो. काकांचं खरंय, माझाही टॅब डेमोतच दोनदा अडकला होता 😅