स्वप्नं देणारी लिटलेस्ट आणि जॉन

घरातल्या मारहाणीचा विषय असलेली फँटसी मुलांना द्यावी का असं कुणी विचारलं, तर मी अमेरिकन लेखिका लोईस लाउरीच्या 'गॉसमर'बद्दल सांगते (२००६ साली आलेलं, पातळसं पुस्तक आहे). माझं उत्तर हो, जरूर द्या, फक्त जवळ बसून वाचा.

यात स्वप्नं देणारे इवलेसे जीव असतात, ते रात्री घरात शिरून वस्तूंना हलकेच स्पर्श करतात, फोटो, बटण, गालिचा असं काहीही, आणि त्या वस्तूंत साठलेल्या आठवणींचे तुकडे गोळा करून झोपलेल्या माणसाला स्वप्न म्हणून देतात. लिटलेस्ट ही त्यातली अगदी नवशिकी, सतत प्रश्न विचारणारी. ती ज्या म्हातारीच्या घरी जाते तिथे जॉन नावाचा आठ वर्षांचा मुलगा राहायला येतो, बापाने छळलेला, प्रचंड चिडलेला. आणि त्याच्यावर भयानक स्वप्नं घेऊन सिनिस्टीड नावाचे दुष्ट जीव चालून येतात.

मला सगळ्यात पटलं ते हे की जॉन जादूने एका रात्रीत बरा होत नाही. चांगल्या आठवणींचे बारीक तुकडे जोडून त्याला बळ दिलं जातं, आणि दिवसा ती म्हातारी आणि तिचा कुत्रा टोबी आपलं काम करत राहतात, तो कितीही वाईट बोलला तरी ती त्याला हाकलून देत नाही. आईचीही बाजू येते, ती मुलाला परत आणण्यासाठी धडपडतेय, तिलाही स्वप्नं लागतातच. छळाचे प्रसंग थोडेच आहेत पण टोचतात, म्हणून नऊ-दहाच्या खालच्या मुलांना मी तरी एकट्याने वाचायला देणार नाही.