पाचवीला गेलेलं लेकरू शाळेत जायना, रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतंय

सेलूकडची आई:
नमस्कार. माझा मुलगा यंदा पाचवीला गेला. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तालुक्याच्या हायस्कूलला टाकलंय. १६ जूनला शाळा उघडली, पहिले दोन दिवस नवं दप्तर घेऊन उड्या मारत गेला आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळी पोट धरून रडायलाय. एक बूट पायात, दुसरा हातात घेऊन पायरीवर बसून राहतो. रविवारी काहीच दुखत नाही. डॉक्टरला दाखवलं, ते म्हणाले पोटात काही नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं नाटक करायलाय, दोन रट्टे दिले की जाईल. सुट्टीत दीड महिना आजोळी होता, विहिरीत पोहायचं, रात्री बारापर्यंत मोबाईल, सकाळी नऊला उठायचं. इकडं पेरणीची घाई, मी पण शेतात, त्याच्याजवळ बसायला कुणालाच वेळ नाही. मारून पाठवावं का चार दिवस घरी ठेवावं, काही सुचना झालंय.

झेडपी गुरुजी, जालना:
ताई, मारू नका आणि घरी पण ठेवू नका. ते नाटक नाही. भीती वाटली की पोटात खरंच कळ येते, परीक्षेच्या दिवशी आपल्याला नाही का होत तसं. पण भीतीनं एकदा घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी जाणं अजून जड जातं. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, तरी आपल्याकडं बऱ्याच गावात चौथीलाच शाळा संपते आणि दहा वर्षाचं लेकरू एकदम अनोळखी गर्दीत जाऊन पडतं. गावात त्याला सगळे नावानं ओळखायचे, इथं दर तासाला वेगळे सर. "शाळेत काय झालं" असं विचारू नका, "काही नाही" म्हणूनच सांगतंय. जेवायला कुणाजवळ बसतोस, गाडीत जागा मिळते का, लघवीला जातोस का, असं एकेक विचारा आणि तेही काहीतरी काम करता करता, समोर बसवून नाही.

बीडची मावशी:
गुरुजींचं पटलं, पण आधी झोप बघा. आमच्या पोरीचं असंच झालं होतं, आम्ही रोज पंधरा मिनिटं आधी झोपवत आणलं, आठ-दहा दिवसांत गाडी रुळावर आली. पण तिचं नुसतं झोपेचं नव्हतं, सुट्टीतला अभ्यास अर्धा राहिला म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि हे आम्हाला महिन्यानं कळलं! अजून आठवलं की जीव तुटतो. लेकराला मारणं, मानसिक त्रास देणं कायद्यानंच बंद आहे, तसं काही असेल तर गप बसू नका.

नांदेडहून एक बाबा:
रात्री झोपेतून उठून पोट दुखायलं, ताप-उलटी असली किंवा वजन उतरायलं तर परत डॉक्टरकडं न्या, सगळं भीतीवर ढकलू नका. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर टेलि-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतंय, मराठीत बोलता येतं.

सेलूकडची आई:
सगळ्यांचे लई आभार. काल रात्री भाकरी थापताना त्याला चुलीजवळ बसवून सहज विचारलं, लघवीला जातोस का रे. आधी गप. मग म्हणाला, तिथं मोठी पोरं उभी राहतात, दाराला लाथा मारतात, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. रोज बाटली भरलेलीच वापस यायची, मला वाटायचं पाऊसपाणी सुरू झालं, तहान लागत नसेल. ह्यांनी पण ऐकलं, ताटावर तसेच बसून राहिले, मग म्हणाले उद्या मी येतो शाळेत. वर्गशिक्षकांना भेटून येतो दोघं, एक दिवस पेरणी थांबली तर थांबली.