पिस्तूल बाळगायला परीक्षा हवी का?

डॅलसकर: टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. वय बसत असलं आणि कायद्याने मनाई नसली की झालं. परवाना आता ऐच्छिक. मी हट्टाने परीक्षा देऊन तो काढला. ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. शेजारच्या लेनमधल्या काकांचं बोट सारखं ट्रिगरवर. गोळ्या भरतानाही तेच! प्रशिक्षकाने दोनदा मनगट धरलं. तेही पास झाले. एवढी तरी परीक्षा सगळ्यांना सक्तीची करा, आणि तीत शर्टाखालून पिस्तूल काढणंही घाला. आम्ही ते हातात धरूनच सुरुवात केली होती.

निशिगंधा: बाईच्या मागे घटस्फोटित नवरा लागलाय, ती रात्रपाळी करते. तिने आधी क्लासची फी भरायची, शनिवार मोकळा करायचा, मग जीव वाचवायचा? अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेल्या हक्काला पासिंगचे मार्क कसले? परीक्षा सक्तीची केली की काकांसारख्यांचा धोका टळेल म्हणता, पण काका तर तुमच्याच परीक्षेत पास झाले की.

डॅलसकर: म्हणूनच परीक्षा कडक हवी म्हणतोय. आणि हक्काचंच म्हणाल तर २०२२ च्या ब्रुएन निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची 'पिस्तूल बाळगायला खास कारण दाखवा' ही अट उडवली, पण सुरक्षेचा कोर्स मागणाऱ्या राज्यांच्या परवाना पद्धतीवर शंका घेत नाही, असं तळटीपेत म्हटलंय.

निशिगंधा: तीच तळटीप पुढे वाचा. भरमसाट फी किंवा लांबलचक प्रतीक्षा असेल तर आव्हान देता येईल, असंही तिथेच आहे. इलिनॉय राज्यात परवान्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. तासावारी पगार असणाऱ्याने दोन दिवस कुठून आणायचे?

जुना_नेमबाज (पुणे): आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांतही प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहेच. पण एकदा पास झालेला माणूस दोन वर्षं रेंजवर फिरकला नाही, तर नेम गंजतो. आमच्या क्लबात नवख्याला पहिला आठवडा रिकामं पिस्तूलच द्यायचे. ट्रिगरवर बोट दिसलं की त्या दिवशीचा सराव बंद. गुणांपेक्षा हे तपासा.

निशिगंधा: हे पटलं. अर्ध्या तासाचं, फुकट आणि गावोगाव असेल तर सक्तीलाही हरकत नाही.

डॅलसकर: अर्ध्या तासात शर्ट वर करून पिस्तूल काढायला शिकवून दाखवा, मग बोलू.